‘नोफ्रेम्स’ला मराठीत काय म्हणावं?

वेबपानांच्या जुन्या टॅगांवर, म्हणजे पान कसं दाखवायचं ते ब्राउझरला सांगणाऱ्या खुणांवर, टिपण लिहितेय आणि ‘नोफ्रेम्स’पाशी अडलेय. नेटस्केप २.० ने १९९६ मध्ये एकाच खिडकीत अनेक पानं मांडणाऱ्या चौकटी, म्हणजे फ्रेम्स, आणल्या. ज्या ब्राउझरला त्या जमत नाहीत, त्याच्यासाठीचा मजकूर या टॅगमध्ये ठेवायचा. मी ‘पर्यायी मजकूर’ लिहिलं, पण पटत नाहीये. ‘राखीव’ कसं वाटतं?

प्रतिसाद:
‘राखीव’ नको, रेल्वेचा डबा आठवतो. ‘पर्यायी’तली खोट तुम्हाला बरोबर जाणवली. पर्याय म्हटला की निवड आली, इथे वाचकाला विचारतंय कोण? शिवाय टॅगचं नावच फसवं आहे. ‘चौकटी नकोत’ असा हुकूम वाटतो, अर्थ मात्र ‘चौकटींअभावी’. गंमत म्हणजे ज्या ब्राउझरला हा टॅग कळतो तो आतला मजकूर गिळून गप्प बसतो. ज्याला कळत नाही तो टॅगकडे काणाडोळा करून आतलं सगळं दाखवतो. न कळण्यावरच सगळी मदार!

प्रतिसाद:
पण ‘पावसाअभावी पेरण्या खोळंबल्या’, ‘पुराव्याअभावी सुटका’... ‘अभावी’ आलं की काहीतरी अडतं नाहीतर निसटतं. इथे बदल्यात काहीतरी मिळतंय ना?

प्रतिसाद:
मिळायचंच असं नाही हो. कितीतरी पानांत आत एवढंच असे: ‘तुमचा ब्राउझर फ्रेम्स दाखवू शकत नाही.’ शोधयंत्रं नेमकं तेच उचलत आणि शोधाच्या यादीत एखाद्या दुकानाच्या नावाखाली हे वाक्य झळके. तरी मुद्दा रास्त आहे. पूजेत दागिना नसला की गुरुजी ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणतात, ते हेच. नाम हवं असेल तर ‘बदली मजकूर’ घ्या, बदली खेळाडूसारखं. मूळ गडी असेपर्यंत तो बाहेरच बसतो. ‘अभावी’ स्पष्टीकरणात वापरा. ‘अभावी मजकूर’ मात्र नको, मजकुरातच काही कमी असल्यासारखं वाटतं.

मूळ धागाकर्ती:
‘बदली मजकूर’ घेते. आता २०१४च्या एचटीएमएल ५ ने, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या पाचव्या आवृत्तीने, तो टॅग काढला, त्याला ‘रद्द’ म्हणू?

प्रतिसाद:
‘कालबाह्य’ म्हणा. नवीन पानांत वापरायला मनाई आहे, पण जुनी पानं उघडायची तर ब्राउझरला तो ओळखावाच लागतो. रद्द झालेली नोट दुकानदार घेत नाही, इथे घेतात. त्याचा भाऊ ‘नोस्क्रिप्ट’, म्हणजे पानातल्या स्क्रिप्ट चालत नसतील तेव्हाच्या मजकुराचा टॅग, मात्र अजून राजरोस चालतो.