इन्सुलिन 'पाझरतं' की 'स्रवतं'? आणि स्राव की स्त्राव?

मंडळी, रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात शुगरच्या पेशंटसाठी माहितीपत्रक काढतोय. त्यात "स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरतं" असं आलंय, मला खटकतंय. आणि स्राव लिहायचं की स्त्राव?

– स्राव. स्रु धातू आहे, त्यात त नाहीच. स्रोत लिहिताना घालतो का आपण?

– ताई, 'पाझरतं' खटकलं ते बरोबरच. पावसाळ्यात जांभ्याच्या कड्यातून पाणी पाझरतं ते आपोआप, त्याला कोणी सांगावं लागत नाही, इन्सुलिनचं तसं नाही हो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत (इन्सुलिन बनवणारी पेशी) ते बारीक पिशव्यांत भरून तयार असतं, जेवल्यावर साखर पेशीत शिरते, तिच्यातून एटीपी म्हणजे पेशीचं इंधन बनतं, ते वाढलं की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं बंद होतात, आवरणावरचा विद्युतभार बदलतो न् मग कॅल्शियमची दारं उघडून बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. ते आलं की पिशव्या आवरणाशी एकजीव होऊन बाहेर रिकाम्या होतात. शुगरवरची ग्लिमेपिराइडची गोळी हीच पोटॅशियमची दारं बंद करते, म्हणून ती घेऊन जेवण चुकवलं की साखर घसरते, हे तर मोठ्या अक्षरात छापा. शब्द साधा ठेवा, "स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं".

– स्वादुपिंडातल्याच पाचक रसाच्या पेशींना मात्र हे 'बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं' लावू नका. तिथे ॲसिटिलकोलीन (मज्जातंतूचा निरोप्या) किंवा कोलेसिस्टोकायनीन (आतड्यातलं संप्रेरक) येऊन थडकलं की आयपी३ नावाचा पेशीतला निरोप्या रेणू तयार होतो आणि पेशीच्या आतल्याच साठ्यातलं कॅल्शियम सुटतं. आयपी३ हे काम करतं हे १९८३ साली याच पेशींवर पहिल्यांदा दाखवलं गेलं. एरवी पेशीत कॅल्शियम इतकं कमी असतं की बाहेर त्याच्या साधारण दहा हजार पट, म्हणून थोडं वाढलं तरी पेशीला कळतं. पण ते वाढून तसंच राहिलं तर एन्झाइम आतच जागी होतात आणि पेशीच पचायला लागते, दारूने स्वादुपिंड सुजतं त्यात याचा मोठा हात आहे.

– मग पेशीला मिळणाऱ्या या सिग्नलला संकेत म्हणू?

– संकेत पुस्तकी वाटतो, आमच्या आजीला 'इशारा' लगेच कळेल. पण ताई, कॅल्शियमचं नाव छापणार असाल तर खाली एक ओळ घालाच, कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन इन्सुलिन वाढत नाही, नाहीतर लोक उद्या मेडिकलमध्ये जाऊन मागतील.