आयोवा ते न्यू हॅम्पशायर, जानेवारी २००८: ते पाच दिवस (अनुभव धागा)

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष आले की प्राथमिक फेरीतल्या, म्हणजे पक्षांनी आपापला उमेदवार राज्याराज्यांत मते घेऊन ठरवण्याच्या फेरीतल्या, उलथापालथींच्या गोष्टी निघतात आणि त्यात २००८च्या जानेवारीचा विषय हमखास येतो. ३ जानेवारीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या फेरीत आयोवात बराक ओबामा जिंकले, आणि ज्यांची उमेदवारी अनेकांनी गृहीतच धरली होती त्या हिलरी क्लिंटन, जॉन एडवर्ड्स यांच्याही किंचित मागे, तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. पाचच दिवसांनी, ८ जानेवारीला, जनमत चाचण्यांच्या सरासरीत ओबामा सुमारे आठ टक्क्यांनी पुढे असताना न्यू हॅम्पशायरने क्लिंटन यांना विजयी केले. या दोन्ही निकालांची विश्लेषणे भरपूर झाली आहेत. तेव्हा तिथे मत दिलेल्या, प्रचाराला गेलेल्या किंवा नुसत्या पाहत उभ्या राहिलेल्या मराठी मंडळींनी काय पाहिले, ते इथे लिहावे, ही विनंती. अट एकच आहे: निकालानंतर सुचलेले शहाणपण बाजूला ठेवून त्या दिवशी स्वतःला काय वाटले होते, तेवढेच लिहावे.

वेस्ट डी मॉइन, आयोवा

मी तेव्हा एका विमा कंपनीच्या संगणक विभागात होतो. डी मॉइन हे विमा कंपन्यांचे गाव, त्यामुळे आपल्याकडची बरीच माणसे या कामासाठी तिथे येऊन राहिली आहेत. नागरिकत्व मिळून मला जेमतेम दीड वर्ष झाले होते. मतदान म्हटले की आडोसा, गुप्तता आणि बोटावरची शाई एवढेच ज्याला ठाऊक, त्याला कॉकस, म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठी पक्षाने गावोगावी भरवलेली सभा, समजायला वेळ लागतो. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसमध्ये त्या काळी मतपत्रिकाच नव्हती. संध्याकाळी साडेसहाला ठरलेल्या जागी जमायचे, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभे राहायचे आणि मग डोकी मोजली जायची. ज्या गटात हजर असलेल्यांपैकी १५ टक्के माणसे नसतील, त्या गटातल्यांनी दुसरीकडे जायचे किंवा दुसऱ्यांना आपल्याकडे ओढायचे.

आमचा कॉकस एका शाळेच्या भोजनगृहात होता. टेबलांना जोडलेल्या त्या छोट्या गोल बैठकांवर पोक्त माणसे कोट सांभाळत बसली होती आणि नावनोंदणीचे अर्ज संपल्यामुळे कोणीतरी शाळेच्या कार्यालयातून झेरॉक्स काढून आणत होते. मोजणी झाली तेव्हा २१४ जण भरले, म्हणजे गट टिकायला किमान ३३ हवे होते. मी जो बायडन यांच्या गटात होतो आणि आम्ही होतो १९. परराष्ट्र धोरण कळणारा माणूस म्हणून मी बायडन यांना निवडले होते, कारण आठवड्यापूर्वीच, २७ डिसेंबरला, बेनझीर भुट्टो यांची हत्या झाली होती आणि अनुभवाचा मुद्दा मला फार मोठा वाटत होता. या हिशेबाने मी नंतर क्लिंटन यांच्याकडे जायला हवे होते. माझी पत्नी त्याच कोपऱ्यात उभी होती आणि मला हाताने बोलावतही होती.

समोरच्या कोपऱ्यात, ओबामांच्या गटात, माझी सतरा वर्षांची मुलगी होती. नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत अठरा पूर्ण होणार असतील, तर सतराव्या वर्षीही कॉकसमध्ये भाग घेता येतो. डिसेंबरभर आमच्या दारातला बर्फ न सांगता स्वतःच्या यंत्राने काढून देणारे शेजारीही तिथेच होते. ते माझ्याजवळ आले. धोरणाबद्दल किंवा इराकबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. "तुमची मुलगी तिकडे आहे," एवढेच म्हणाले. मी गेलो. वर्तमानपत्रांनी नंतर त्याला बदलाची लाट म्हटले. राज्यभरात सुमारे २ लाख ३९ हजार माणसे डेमोक्रॅटिक कॉकसला आली, २००४च्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा लाट होतीच. पण त्या लाटेतले माझे डोके कसे मोजले गेले, ते हे असे. घरी जाताना गाडीत पत्नी एक शब्द बोलली नाही.

एम्स, आयोवा

मी विद्यार्थी होतो आणि मला मत नव्हते. मित्राबरोबर पाहायला गेलो होतो. एकच गोष्ट सांगतो. तारीख सुट्टीत आल्यामुळे विद्यापीठे ओस पडतील आणि त्याचा फटका ओबामांना बसेल, असे सगळे म्हणत होते. 'डी मॉइन रजिस्टर'च्या चाचणीने येणाऱ्यांपैकी साठ टक्के लोक पहिल्यांदाच कॉकसला येतील असे सांगितले, तेव्हा इतर उमेदवारांच्या माणसांनी ती थट्टेवारी नेली. प्रत्यक्षात सत्तावन्न टक्के निघाले. सुट्टीत घरी गेलेली मुले कुठे नाहीशी झाली नव्हती; ती आपापल्या गावी आईवडिलांना घेऊन कॉकसला गेली होती.

एडिसन, न्यू जर्सी

माझे मत ५ फेब्रुवारीला होते, म्हणजे आयोवाशी माझा संबंध दूरचित्रवाणीपुरताच. तरीही लिहितो, कारण त्या रात्रीचा धक्का आमच्याकडे फार जोरात बसला. २००७ सालभर इथल्या भारतीय व्यावसायिकांत क्लिंटन यांचीच चलती होती. देणग्यांसाठी जेवणावळी होत होत्या आणि त्यांच्या शेजारी उभे राहून काढलेली छायाचित्रे दुकानांत लागत होती. त्यातच जूनमध्ये ओबामांच्या प्रचारयंत्रणेतले एक टिपण बाहेर आले. क्लिंटन यांच्या भारतीयांशी असलेल्या संबंधांवरून त्या न्यूयॉर्कच्या सिनेटर असताना त्यात त्यांना 'पंजाबच्या डेमोक्रॅट' म्हणून हिणवले होते. ओबामांनी ती चूक मूर्खपणाची असल्याचे मान्य केले, पण आमच्यातल्या पुष्कळांनी मनात अढी धरली होती. आयोवाचा निकाल आला तेव्हा एका देणगीदार गृहस्थांनी मला रात्री फोन करून विचारले, "आता त्यांच्याकडे आपली ओळख कोणाची आहे?" मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. न्यू हॅम्पशायरच्या रात्री याच गृहस्थांनी पुन्हा फोन केला तो पेढे वाटायचे का, हे विचारायला.

बर्लिंग्टन, मॅसॅच्युसेट्स

आयोवानंतरच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघे गाडी काढून न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला ओबामांच्या प्रचाराला गेलो. हातात रस्त्यावार यादी असते. दार वाजवायचे, बोलायचे आणि नावापुढे एक ते पाच असा आकडा लिहायचा: एक म्हणजे पक्का आपला, तीन म्हणजे अजून ठरलेले नाही, पाच म्हणजे पक्का विरोधात. न्यू हॅम्पशायरचे लोक या बाबतीत मुरलेले आहेत. तीन-तीन उमेदवारांशी समोरासमोर बोलल्याशिवाय मत ठरवणार नाही, असे सांगणारी माणसे मला तिथेच भेटली. दार उघडून हसत बोलत, हवामानाची चौकशी करत, पण आकडा काही देत नसत.

इथे एक कबुली देतो. ज्यांच्यापुढे मी तीन लिहायला हवा होता, अशा कितीतरी जणांपुढे मी दोन लिहिला. हवा आपली होती, कार्यालयात परतल्यावर दोन-दोनच्या रांगा पाहून सगळ्यांचे चेहरे खुलत होते आणि त्या खुशीत विरजण घालावेसे वाटले नाही. सोमवारी पोर्ट्समथच्या एका कॅफेत बोलताना क्लिंटन यांचा कंठ दाटून आला. ते दृश्य कार्यालयातल्या पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसत होते आणि आता त्यांचे संपले, असेच आम्ही समजलो. त्याच संध्याकाळी फोन करताना, यादीत एक असा आकडा असलेल्या दोन बायकांनी मला सांगितले की त्यांचे अजून ठरलेले नाही. मी ते कोणालाही कळवले नाही.

मंगळवारी रात्री नॅशुआच्या एका शाळेच्या व्यायामगृहात आम्ही विजयाच्या तयारीने उभे होतो. 'होय, आपण करू शकतो' हे ते गाजलेले भाषण मी तिथे ऐकले. ते पराभव मान्य करताना केलेले भाषण होते, हे आज पुष्कळांच्या लक्षातही नसते.

सेलम, न्यू हॅम्पशायर

इथे कोणत्याही पक्षात नोंद नसलेल्या मतदाराला केंद्रावर जाऊन हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागता येते आणि बाहेर पडताना एका कागदावर सही करून पुन्हा 'अपक्ष' होता येते. मी त्यांपैकीच. मला ओबामा आवडत होते. पण ते जिंकणारच आहेत, मग आपले मत तिथे वाया का घालवायचे, असा विचार करून मी रिपब्लिकन मतपत्रिका घेतली आणि त्या पक्षाच्या उमेदवारांपैकी मिट रॉम्नी येऊ नयेत म्हणून जॉन मॅकेन यांना मत दिले. मॅकेन आले. ओबामा साडेसात हजारांच्या आसपास मतांनी गेले. माझ्यासारखा हिशेब किती जणांनी केला असेल, हा विचार मी बरेच दिवस करत होतो.

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर

चाचण्या चुकल्या कशा, या प्रश्नाच्या उत्तराचा एक छोटासा भाग मी स्वतः आहे. रविवारी दुपारी मला चाचणीचा फोन आला होता आणि मी ओबामांचे नाव सांगितले होते. मी खोटे बोलले नव्हते. २००२ साली क्लिंटन यांनी इराक युद्धाच्या बाजूने मत दिले, हे मला कधीच पटले नव्हते.

पण आदल्याच रात्री झालेला वादविवाद माझ्या डोक्यातून जात नव्हता. मँचेस्टरच्या सेंट ॲन्सेल्म महाविद्यालयात तो झाला. तुम्ही लोकांना आवडत नाही, त्याचे काय, अशा अर्थाचा प्रश्न क्लिंटन यांना विचारला गेला. त्यांनी हसून उत्तर दिले, आणि मध्येच ओबामा खाली कागदाकडे पाहत म्हणाले की तुम्ही पुरेशा आवडण्याजोग्या आहात. आमचे हे खळखळून हसले. मी हसले नाही. मी एका प्रयोगशाळेत अकरा वर्षे काम करत होते आणि वार्षिक मूल्यमापनात माझ्या कामाबद्दल दोन ओळी, तर माझ्या 'वागण्यातल्या उबे'बद्दल चार ओळी असत. माझ्याबरोबरच्या पुरुषांच्या कागदावर ऊब हा शब्द मी कधी पाहिला नाही.

मंगळवारी हवा जानेवारीला न शोभणारी उबदार होती. कोट गाडीतच ठेवून रांगेत उभी राहिले. मतपत्रिकेवर वीसहून अधिक नावे होती. दोन जण आयोवानंतर माघार घेऊनही कागदावर होते. क्लिंटन यांचे नाव वरच्या भागात होते आणि ओबामांचे बरेच खाली. नावांच्या क्रमाचाही निकालावर परिणाम झाला असावा, असे नंतर एका अभ्यासकाने म्हटले. माझ्यापुरते म्हणाल तर मी खालचे नाव शोधून त्यावर पेन नेले, थांबले, आणि परत वर आले. अश्रूंनी बायका विरघळल्या, असे दुसऱ्या दिवशी वाहिन्यांवर बोलले गेले, त्याचा मला आजही राग येतो. आयोवात ओबामांना स्त्रियांची जास्त मते होती, इथे क्लिंटन यांना ४६ आणि ओबामांना ३४ टक्के मिळाली. एवढा फरक एका दाटलेल्या कंठाने पडत नाही. साडेदहाच्या सुमारास निकाल जाहीर झाला तेव्हा हे चाचणीवाल्यांना नावे ठेवू लागले. मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते आणि तिथेच राहिले.

नाशिक (तेव्हा मुलाकडे न्यू हॅम्पशायरमध्ये)

मी निवृत्त शिक्षक असून लोकसभा, विधानसभा आणि जिल्हा परिषद मिळून सात वेळा मतदान केंद्राध्यक्षाचे काम केले आहे. मुलाबरोबर मतदान केंद्र पाहायला गेलो तेव्हा मला कठड्याच्या बाहेर उभे राहू दिले. मतदार येऊन नाव आणि पत्ता मोठ्याने सांगत होते आणि माझ्या वयाच्या दोन बाई यादीवर पट्टी ठेवून नावापुढे खूण करत होत्या. ओळखपत्र कोणी मागितले नाही, बोटाला शाई लावली नाही, पोलिसांचा बंदोबस्तही मला दिसला नाही. नोंदणी नसलेला माणूस त्याच दिवशी नोंदणी करून मत देऊ शकतो हे ऐकून तर मी चक्रावलोच. संध्याकाळी बातम्यांत सांगितले की काही गावांत डेमोक्रॅटिक मतपत्रिका कमी पडू लागल्याने जादा पाठवाव्या लागल्या. केंद्रावर मतपत्रिका संपणे हे केंद्राध्यक्षासाठी काय संकट असते, ते मला विचारा!

त्या रात्री घरात मोठा वाद झाला. सून आनंदात, मुलगा उदास. दुसऱ्या दिवशी मी पेपरमध्ये शोधून पाहिले, तर पक्षाच्या अधिवेशनाला पाठवायच्या प्रतिनिधींची वाटणी अशी होती: क्लिंटन ९, ओबामा ९, एडवर्ड्स ४. मी मुलाला विचारले की मग हरले कोण. त्याने पेपर माझ्या हातातून घेतला, पुन्हा वाचला आणि चहा टाकायला उठला.