मदत हवी आहे: कीबोर्डच्या पट्ट्यांवरचा परमनंट मार्कर कसा काढावा?

मुलीसाठी ६१ पट्ट्यांचा जुना कीबोर्ड घेतलाय. आवाज छान आहे, पण आधी कुणीतरी पांढऱ्या पट्ट्यांवर काळ्या परमनंट मार्करनं सा रे ग म लिहून ठेवलंय, तेही पांढरी एकला (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला) सा धरून. मुलगी गाते काळी चारमध्ये, म्हणजे तिचा सा चौथ्या काळ्या पट्टीवर येतो, त्यामुळे अक्षरं बघून बिचारी सारखी गोंधळते.

ओल्या फडक्यानं काहीच निघालं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसलं तर शाई बरीच सुटली, पण जांभळट सावली राहिलीच. ती कशी घालवायची? डागावर व्हाइटबोर्ड मार्कर फिरवून लगेच पुसायचा उपाय जुन्या शाईवर चालतो का? टूथपेस्टनं चकाकी जाईल अशी भीती वाटते. कृपया नेलपॉलिश रिमूव्हर सुचवू नका, त्यातल्या अ‍ॅसिटोननं पट्ट्यांचं एबीएस प्लास्टिक विरघळतं. कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.