पिंजऱ्यात वाढवलेला मासा समुद्रावरचा भार खरोखर कमी करतो का?

शाहूपुरीचे सर (मूळ धागा)

रविवारी मासळी घेताना एका परिचितांनी मला ऐकवले की, धरणातल्या पिंजऱ्यातील पंगस आणि चिलापी आपण जितके खाऊ, तितकी समुद्रातल्या सुरमईला आणि पापलेटला उसंत मिळेल. ऐकायला हे बरे वाटते. परंतु ज्या नॉर्वेने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला, त्याचा अनुभव इतका सरळ नाही.

1970 च्या सुमारास तेथे हित्रा बेटाजवळ सॅमन हा मासा पिंजऱ्यांत यशस्वीपणे वाढू लागला आणि आज त्या देशाचे उत्पादन वर्षाला सुमारे 15 लाख टन आहे. सॅमन मूळचा मांसाहारी. 1990 च्या सुमारास त्याच्या खाद्यात जवळजवळ नऊ दशांश वाटा मासळीच्या भुकटीचा आणि तेलाचा होता, म्हणजे एक मासा ताटात येण्यासाठी दुसरे मासे समुद्रातून उपसले जात होते. आता हा वाटा सुमारे एक चतुर्थांशावर आला आहे. पण रिकामी झालेली जागा मुख्यतः सोयाबीनसारख्या पिकांनी घेतली आणि त्यातला बराच सोया ब्राझीलमधून येतो. एका खांद्यावरचे ओझे दुसऱ्या खांद्यावर गेले, इतकेच.

उवांचा प्रश्न तर याहून अवघड आहे. समुद्री ऊ माशाची त्वचा आणि त्यावरचा बुळबुळीत थर खाऊन जगते. डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्यांमध्ये एकेका पिंजऱ्यात 2 लाखांपर्यंत मासे असतात, म्हणून उवा तेथे फोफावतात, आणि वसंतात नदीतून समुद्राकडे निघालेल्या निसर्गातल्या सॅमनच्या कोवळ्या पिलांना या पिंजऱ्यांजवळूनच जावे लागते. म्हणून 2017 पासून नॉर्वेने किनाऱ्याचे 13 विभाग करून, उवांमुळे या पिलांना कोठे किती धोका आहे त्यानुसार, त्यांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले; लाल विभागात उत्पादनक्षमता 6 टक्क्यांनी घटवावी लागते. तरीही 2024 च्या उन्हाळ्यात नद्यांत इतके कमी सॅमन परतले की तीसहून अधिक नद्यांमध्ये भर हंगामात मासेमारी थांबवावी लागली. तेव्हा पिंजऱ्याला समुद्राचा तारणहार म्हणणे मला मान्य नाही.

धरणकाठ

सर, आपला आदर राखून सांगतो, तुलनेसाठी आपण मासाच चुकीचा निवडला आहे. मी आपल्याच जिल्ह्यातील एका धरणात पिंजरे लावतो. पंगस आणि चिलापी यांना सोयापेंड, मका आणि भाताचा कोंडा यांवर वाढवता येते. फिशमील, म्हणजे मासळीची भुकटी, लागले तरी थोडे. रोहू-कटल्याच्या तळ्याला तर शेणखत घातले की माशाचे निम्मे अन्न पाण्यातच तयार होते. 1957 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प (रोहू-कटल्याच्या जातीच्या) माशांचे प्रजनन घडवून आणले, त्यानंतर बीजासाठी, म्हणजे पिलांसाठीही, नदीकडे हात पसरण्याची गरज उरली नाही. सॅमनची ऊ गोड्या पाण्यात तग धरत नाही, त्यामुळे ती भीती येथे दाखवण्यात अर्थ नाही.

माझी खरी भीती मे महिन्याची असते. धरण उतरते, पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पहाटे तो सर्वांत खाली जातो. मागच्या उन्हाळ्यात एका रात्रीत माझे दोन पिंजरे गेले. नॉर्वेच्या थंड खाड्यांतले शहाणपण तेथे कितपत उपयोगी पडणार?

आंबाघाटापलीकडचा

मी मूळचा रत्नागिरीकडचा, वीस वर्षे कोल्हापुरात मासळी विकतो. खाद्याचे पोते कितीही शाकाहारी असले, तरी आमच्या किनाऱ्यावर तारली आणि बारीक मासळी फिशमीलसाठी जाते, हे डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हशीला आपण पेंड घालतो, कारण पेंड माणूस खात नाही. तारली मात्र गरिबाच्या कालवणातली आहे.

शास्त्रज्ञांच्या आकड्यांवर डोळे झाकून भिस्त ठेवू नये, असेही मला वाटते. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या लहान होड्यांचे मच्छीमार 1980 च्या दशकात सांगत होते की, कॉड हा तिथला मुख्य मासा कमी होतो आहे आणि लहानही होतो आहे. सरकारी अंदाज मात्र मोठ्या ट्रॉलरना मिळणाऱ्या भरघोस मासळीवर बराच विसंबला होता. उरलेला कॉड दाट थव्यांनी एकत्र येई आणि यंत्रांच्या साहाय्याने ट्रॉलर त्याला अचूक गाठत, त्यामुळे समुद्र रिता होत असतानाही जाळे भरलेले दिसे. अखेर 2 जुलै 1992 रोजी कॉडच्या मासेमारीवर बंदी आली, सुमारे 30,000 लोकांचे काम गेले आणि ती बंदी उठायला 2024 साल उजाडले.

अर्धवट_प्रबंध

सागरी परिसंस्था हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्याने दोन्ही बाजूंना थोडे टोकावेसे वाटते. न्यूफाउंडलंडची चूक खरी आहे, पण ती कशी झाली हेही पुढे संशोधकांनीच उलगडले. उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात नॉर्वे आणि रशिया 1970 च्या दशकापासून, म्हणजे शीतयुद्ध चालू असतानाही, कॉड कोणी किती पकडायचा याचा वाटा एकत्र बसून ठरवत आले.

तेथली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट कॅपेलिन या लहान माशाची आहे. 1980 च्या दशकात तो अचानक खचला. जाळ्यांचा दोष होताच, शिवाय 1983 मध्ये जन्मलेल्या हेरिंग या दुसऱ्या माशाच्या प्रचंड पिढीने कॅपेलिनची पिले खाल्ली, असे मानले जाते. मग कॅपेलिनवर जगणारा कॉड स्वतःचीच पिले खाऊ लागला, त्याच समुद्रातल्या बेअर बेटावरचे समुद्रपक्षी उपासमारीने मेले आणि भुकेले सील नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत येऊन जाळ्यांत अडकले. आता तेथे कॅपेलिनचा वाटा ठरवताना कॉड किती खाईल ते आधी वजा करतात, विणीसाठी 2 लाख टन मासा उरेल याची जवळपास खात्री करतात, आणि मगच काही उरले तर माणसाला मिळते. अनेक वर्षी काहीच मिळत नाही.

सर, नद्यांत सॅमन कमी परतण्याचे सगळे खापर उवांवर फोडणे मात्र बरोबर नाही. समुद्र तापतो आहे आणि त्यातले अन्न बदलते आहे. अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंग समुद्रात मासे वाढवण्याचे कोणाचेही पिंजरे नव्हते, तरी 2018 नंतरच्या काही वर्षांत सुमारे 1,000 कोटी हिमखेकडे नाहीसे झाले. पाणी तापल्याने त्यांची भूक वाढली आणि तेवढे अन्न नव्हते, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

शाहूपुरीचे सर

खापराबद्दलची दुरुस्ती स्वीकारतो. परंतु कॅपेलिनचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. धरणात आधीपासून राहणारे मरळ आणि वांब, त्यांवर जगणारे काठचे भोई आणि पिण्याचे पाणी, यांचा वाटा आधी वजा करून मग पिंजरे किती हे कोणी ठरवते का?

धरणकाठ

ठरवायचेच असेल तर मे महिन्यातील पाणी धरून ठरवावे, ऑगस्टमधले भरलेले धरण पाहून नव्हे, एवढे मी मान्य करतो. मी दर पहाटे प्राणवायू मोजून वहीत लिहितो. ती वही कोणालाही दाखवायला तयार आहे. पण पिंजरेच नकोत असा सूर असेल, तर माझा विरोध कायम राहील, कारण भोयांची दोन पोरे आज माझ्याकडे पगारावर आहेत.

आंबाघाटापलीकडचा

वाद चांगला चालला आहे, पण सरांच्या पहिल्या प्रश्नाला माझ्या गल्ल्यावरून उत्तर देतो. पंगस स्वस्त झाल्यापासून नवे गिऱ्हाईक वाढले, त्यातले बरेच जण पूर्वी फक्त मटण खाणारे. सुरमई सोडून पंगसाकडे वळलेले गिऱ्हाईक मला अजून एकही भेटलेले नाही.