स्टार्टअपचं सरकारी अनुदान खेड्यातल्या पोट्ट्यायपर्यंत पोचते का?

कपाशीवाला (यवतमाळ)
राजेहो, एक विषय टाकतो, मोकळेपणानं बोला. राज्याचं स्टार्टअप धोरण २०१८ ले आलं, मग २०२५ मध्ये नवीन आलं, त्यात ५०० कोटींचा महाफंड अन् पाच वर्षांत ५० हजार स्टार्टअप असं सगळं लिहिलं हाय. वाचून बरं वाटते. आता आमच्या गावचं ऐका. दोन पोट्टे, एक डिप्लोमावाला अन् एक आयटीआय, त्यायनं कापसातला ओलावा मोजाचं यंत्र बनवलं. दांडी कापसात खुपसली की आकडा मोबाईलवर येते, तारीख-वेळेसकट सेव्ह होते. कायले पाहिजे हे? सीसीआय, म्हंजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, ८ ते १२ टक्के ओलाव्याचाच कापूस घेते. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, पण तुम्ही पहाटे गाडी भरून केंद्रावर गेले, ग्रेडरनं दांडी खुपसली अन् १३ आलं की गाडी वापस. गेटाबाहेर व्यापारी उभाच असते, तो सांगन तो भाव, कारण गाडीचं भाडं दोनदा द्याची कोणाची ताकद हाय? घरीच मोजता आलं तं माणूस दोन दिवस कापूस उन्हात पसरवते अन् मंग गाडी सांगते.

आता अनुदान पाहा. २०१८ च्या धोरणात टेस्टिंग-सर्टिफिकेटच्या खर्चाचे ८० टक्के परत भेटत होते, जास्तीत जास्त २ लाख. पेटंटचंही तसंच, भारतातल्याले २ लाखांपर्यंत, बाहेरदेशच्याले १० लाखांपर्यंत. पण भेटते ते "परत". म्हणजे पहिले खिशातून भरा, बिलं लावा, मंग वाट पाहत बसा. ज्याच्या बापाचं सोयाबीन अजून घरातच पडून हाय तो पहिले कोठून भरन? माझं म्हणणं एवढंच हाय, हे अनुदान ज्याच्याजवळ अगोदरच पैसा हाय त्याच्याच कामाचं हाय.

हिशेबनीस (नागपूर)
भाऊ, मग काय आधीच पैसे वाटायचे का? मी सीएच्या ऑफिसात काम करतो, सबसिडीच्या फाईली रोज बघतो. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनेत प्रोजेक्टला १५ ते ३५ टक्के अनुदान, आणि त्यावर जगणाऱ्या एजंटांची दुकानं तालुक्याच्या प्रत्येक चौकात आहेत. प्रोजेक्ट रिपोर्ट कॉपी-पेस्ट. एका फाईलीत गाव आर्वी तालुक्यातलं आणि कच्चा माल म्हणून द्राक्षं! नाव बदललं, गाव बदललं, बाकी नाशिकची फाईल जशीच्या तशी. अशांना आगाऊ पैसे दिले तर मशीन येतच नाही, फक्त कोटेशन येतं. परतफेडीची अट त्रासाची आहे, मान्य, पण बिल तरी खरं लागतं ना. आणि दुसरं, ओलावा मोजायचं मीटर बाजारात मिळतंच की, यात विज्ञान-तंत्रज्ञान नवीन काय?

इकडचाच पोट्टा (वाशिम)
भेटते न भाऊ मीटर, काहून नाही भेटत. व्यापाऱ्याच्या हातात असते ते. आपल्या हातात कोठी असते? तेच तं नवीन हाय.

धानपट्टा (चंद्रपूर)
मीटरचं राहू द्या, मी दादाजी खोब्रागडेंचं उदाहरण देतो. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, थोडीशी जमीन. १९८३ च्या सुमारास शेतात वेगळ्या दिसणाऱ्या दोन-चार लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवड करत राहिले अन् त्यातून एचएमटी धान आला, तेव्हाच्या घड्याळाचं नाव दिलं. आज पूर्व विदर्भात अन् बाहेरही हा तांदूळ कोणाला माहीत नाही? पुढे अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) पीकेव्ही-एचएमटी म्हणून वाण आणलं. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आले, अन् २०१८ मध्ये गेले तेव्हा घरची परिस्थिती हलाखीचीच. पुरस्कार, शाल, श्रीफळ सगळं झालं हो, हक्काचा पैसा मात्र आला नाही. तेव्हा असं धोरण असतं अन् कोणी गावात येऊन त्यांचा कागद करून दिला असता तर?

हिशेबनीस (नागपूर)
उलट दादाजींचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. एक रुपया अनुदान नसताना त्यांनी ते केलं. शोधाला अनुदान लागलं नाही, नंतर हक्काची नोंद नव्हती म्हणून मार बसला. मग सरकारनं वाण नोंदणी, पेटंट, करारनामा यासाठी तालुक्याला एक वकील बसवावा, फुकट. पैसे वाटण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

धानपट्टा (चंद्रपूर)
म्हणजे माणसानं आयुष्यभर उपाशीपोटी शोध लावावा अन् सरकारनं शेवटी वकील द्यावा? भारी न्याय आहे तुमचा. एका माणसाला जमलं म्हणून सगळ्यांनी तसंच मरायचं का? अन् वकील द्याच, नाही कोण म्हणते, पण लोंब्या निवडत बसायच्या त्या वर्षांत घर कोणी चालवायचं ते पण सांगा.

मोर्णाकाठ (अकोला)
दोघंही स्टार्टअपच्याच मागे लागलात. पीकेव्ही मिनी दाल मिल बघा. ती काही स्टार्टअपनं नाही काढली, विद्यापीठाच्या पगारी माणसांनी काढली, मग ती बनवणारे उभे राहिले आणि गावागावात बचतगटांनी, शेतकऱ्यांनी ती बसवली, तूर विकायच्या ऐवजी डाळ विकू लागले. कंपनी नाही, गुंतवणूकदारांसमोर पिच नाही, कोट घालून स्टेजवर जाणं नाही. ५०० कोटींतले काही त्या प्रयोगशाळांना आणि रिकाम्या पदांना द्या ना. तुमच्या पोट्ट्यांना टेस्टिंग तिथंच फुकट करून द्यावं, परतफेडीची भानगडच नको.

कपाशीवाला (यवतमाळ)
मोर्णाकाठ भाऊ, फुकट टेस्टिंग पटलं, पण पोट्टे एका लॅबमध्ये विचाराले गेलते (कोणती ते सांगत नाही), तेथी सांगतलं का मशीन बंद हाय, माणूस रिटायर झाला.

अन् हिशेबनीस, तुमचा एजंटाचा मुद्दा खरा हाय, म्हणूनच मी रोख अनुदान मागूनच नाही राह्यलो. याच राज्याची एक गोष्ट मले पटते ते म्हणजे स्टार्टअप वीक. त्यात २४ जण निवडत होते अन् त्यायले १५ लाखांपर्यंतची सरकारी वर्क ऑर्डर देत होते, म्हंजे वस्तू बनवा, सरकारी खात्यात लावून दाखवा, पैसे घ्या. द्राक्षवाली फाईल येथी चालूच शकत नाही, कारण यंत्र दाखवा लागते. पण साऱ्या राज्यातून २४! त्यात मुंबई-पुण्याचे इंग्रजीत फाडफाड बोलणारे पोट्टे आधीच लाईनीत. माझं म्हणणं, हेच जिल्ह्यावर आणा. ५ लाखाच्या छोट्या ऑर्डरी, मराठीतून अर्ज, अन् वस्तू कोणाले पाहिजे तो गिऱ्हाईक अगोदर ठरवा, बाजार समिती, ग्रामपंचायत, सरकारी दवाखाना (पीएचसी). अर्धे पैसे ऑर्डरसोबत, अर्धे यंत्र चाललं की.

सोयाबीनताई (वर्धा)
अर्धे आधी, हे बरोबर आहे दादा. आमच्या गटाचंही तेच होतं, काम झाल्यावर बिल निघते अन् तोवर बायका व्याजानं पैसे काढतात. पण कर्नाटकचंही बघा, त्यांची एलेव्हेट योजना ५० लाखांपर्यंत थेट अनुदान देते, परतफेड नाही. तिथं एजंट नसतील का?

हिशेबनीस (नागपूर)
ताई, बंगळुरूत अर्ज तपासायला कंपन्या चालवलेली माणसं मिळतात, इथं जिल्ह्याच्या कमिटीत तपासणार कोण? कपाशीवाला भाऊ, तुमची जिल्ह्याची ऑर्डर ऐकायला बरी आहे, पण बाजार समितीनं तुमची पन्नास यंत्रं घेतली आणि पुढच्या हंगामात एकानं ११ दाखवलं अन् दुसऱ्यानं १३, तर शेतकरी कोणाच्या गळ्याला धरणार? दर हंगामाआधी सगळी यंत्रं जुळवून कोण देणार, आणि त्याचे पैसे ऑर्डरमध्ये धरलेत का?

कपाशीवाला (यवतमाळ)
नाही धरले. पोट्ट्यायले आजच सांगतो, तीन हंगाम जुळवून द्याचा खर्च किमतीतच धरा म्हणून. यंत्र महाग होईन, पण समितीपुढं बोलाले तोंड राहीन. बाकी आगाऊ पैशाच्या बाबतीत तुमचं माझं जमणार नाही.

हिशेबनीस (नागपूर)
नाहीच जमणार. पण किमतीचा हिशेब काढला की पाठवा, बघून देतो.