स्नॅपशॉटमध्ये शेवटच्या अर्ध्या मिनिटाची चलनं शून्य बाइटची

रात्रपाळी:
ठाण्यात वागळे इस्टेटला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे सर्व्हर सांभाळते. सर्व्हर महापेला, भाड्याच्या रॅकमध्ये. चलनांच्या पीडीएफ ज्या ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) व्हॉल्यूमवर पडतात, त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) स्टोरेज रोज रात्री २ ला घेतं आणि तोच दुसऱ्या साइटला जातो. काल सहज तिकडची कॉपी माउंट करून पाहिली. १:५९:२६ पर्यंतची चलनं धड उघडतात. पुढची दिसतात, पण शून्य बाइट. शेवटच्या चार-पाच सेकंदांतली तर नावालाही नाहीत! मूळ सर्व्हरवर सगळी शाबूत. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) १:५५ ला सिंक (रॅममधलं डिस्कवर उतरवणारी कमांड) आहे, माझ्या आधीच्या माणसाने घातलेला. स्टोरेजवाले म्हणतात, "मॅडम, आमच्याकडे सगळं हिरवं." मग घोळ कुठे?

घणसोलीकर:
ताई, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. प्रोग्रामने लिहिलेलं आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये पडतं. लिनक्स डीफॉल्टने साधारण ३० सेकंद जुनी डर्टी पेजेस (अजून डिस्कवर न उतरलेली पानं) डिस्कवर ढकलतो. ईएक्सटी४चं जर्नल (फाइलांची नावं वगैरे बदलांची नोंदवही) मात्र दर ५ सेकंदांनी कमिट होतं. म्हणून फाइलचं नाव पोचलं, मजकूर मागे राहिला. डिलेड अलोकेशनमुळे (डिस्कवरची जागा प्रत्यक्ष उतरवतानाच देणं) त्याला ब्लॉकच दिलेले नव्हते, म्हणून साइज शून्य. स्टोरेजला तुमची रॅम दिसत नाही, त्याच्यापर्यंत आलं तेवढ्याचा त्याने फोटो काढला. १:५५ चा सिंक १:५५ पुरताच.

उपाय: एकाच स्क्रिप्टमध्ये एफएसफ्रीझ मायनस एफ (व्हॉल्यूम गोठवणं), मग स्टोरेजची स्नॅपशॉट कमांड, लगेच एफएसफ्रीझ मायनस यू (मोकळा करणं). फ्रीझ कॅश डिस्कवर उतरवतो आणि नवीन राइट अडवून धरतो. एलव्हीएमचा (लिनक्सचा स्वतःचा व्हॉल्यूम मॅनेजर) स्नॅपशॉट हे स्वतःच करतो, बाहेरचं स्टोरेज करत नाही. मायनस यू ट्रॅपमध्येही (स्क्रिप्ट अर्ध्यात संपली तरी चालणारा भाग) घाला, मधली कमांड फसली तरी कुलूप उघडलं पाहिजे.

जळालेलं दूध:
आणि स्क्रिप्टचा लॉग त्याच माउंटवर लिहू नका. मी व्हार (लॉग वगैरे राहतात तो माउंट) फ्रीझ केला आणि पुढच्याच ओळीत व्हार लॉगमध्ये "फ्रीझ झालं" असं लिहिणारी इको कमांड. स्क्रिप्ट तिथेच गोठली, मायनस यू पर्यंत पोचलीच नाही. प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत अडकलेली), किल मायनस नाइनलाही (सक्तीने बंद करणारी कमांड) जुमानेना, नवीन लॉगिनही लटकलेलं. पहाटेची ठाणे–वाशी लोकल धरून महापेला जाऊन बटण दाबलं. नंतर कळलं, रूटचं एखादं सेशन उघडं असतं तर प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये (कर्नलला थेट हुकूम देण्याची जागा) इंग्रजी "जे" हे अक्षर टाकून फ्रीझ सुटलं असतं. रूट माउंट (सिस्टीमचा मुख्य माउंट) तर चुकूनही फ्रीझ करू नका.

रात्रपाळी:
केलं. लॉग टीएमपीएफएसवर (रॅममधला माउंट) नेला. आजच्या कॉपीत शेवटचं चलन २:००:०१ चं, ४१ केबी, उघडलं. गाडी नंबरसकट. याच पद्धतीने पोस्टग्रेस डेटाबेसचा व्हॉल्यूम चालेल का?

घणसोलीकर:
डेटा आणि वॉल (प्रत्येक बदलाची आधी लिहिलेली नोंद) एकाच व्हॉल्यूमवर असतील तर चालेल, उठताना तो वॉल वाचून स्वतःला सावरतो. वेगळ्या व्हॉल्यूमवर असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा हवा. नेमकं कसं ठेवलंय ते आधी सांगा.