मदत हवी आहे: 'संडे ब्लडी संडे'चे शब्द जुळत नाहीत

घाईत_आहे
शनिवारी श्रवणसत्र आहे, गाणं वाजताना मराठी अर्थ ओळीओळीने पडद्यावर दाखवायचाय. नेटवरून शब्द उतरवले, फाईल लावली, तर शेवटचं कडवं भलतंच. सुरुवातीचं ते बोलणंही नाही. शब्द चुकलेत की फाईल? लवकर सांगा.

टेपरेकॉर्डर
कोणाचं गाणं? बीटल्सवाल्या जॉन लेननचंही याच नावाचं आहे, १९७२चं.

रविवारची_मिसळ
मी ब्लॅक सॅबथ बँडचं समजलो.

टेपरेकॉर्डर
ते 'सॅबथ ब्लडी सॅबथ', त्याचा इथे काही संबंध नाही.

घाईत_आहे
आयर्लंडच्या यूटू बँडचं हो! आणखी कोणाचं असणार?

टेपरेकॉर्डर
बरं. अल्बम कोणता? ड्रम आहेत का? लोकांचा गलका ऐकू येतो? गातंय कोण, नेहमीचा गायक बोनो की गिटारवाला एज?

घाईत_आहे
फाईलवर नुसतं गाण्याचं नाव आहे. ड्रम नाहीत, गलका नाही. बोनोच, पण बसून गायल्यासारखा.

टेपरेकॉर्डर
मग हे २०२३चं. १७ मार्च २०२३ला 'साँग्ज ऑफ सरेंडर' आला, त्यात त्यांनी स्वतःचीच ४० गाणी नव्याने रेकॉर्ड केली. तुमचे शब्द १९८३च्या 'वॉर'मधले. मूळ शेवटात येशूने मिळवलेला विजय आपलासा करायची लढाई आहे. नव्यात तो विजय आहे कुठे, असा प्रश्न आहे आणि रिअ‍ॅलिटी टीव्हीसुद्धा घुसलाय. बदललेलं कडवं बोनो आणि एजने ३० जानेवारी २०२२लाच गायलं होतं, गाणं ज्यावरून आलं त्या उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या गोळीबाराला (१९७२, ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर केलेला) ५० वर्षं झाली तेव्हा.

फाईल ओळखायची तर अशी: लष्करी चालीचा स्नेअर ड्रम आणि व्हायोलिन असेल तर १९८३चा स्टुडिओ. तो ड्रम डब्लिनच्या विंडमिल लेनमध्ये जिन्याखाली वाजवून घेतलाय, म्हणून तसा घुमतो. व्हायोलिन स्टीव्ह विकमचं. गर्दी आहे आणि एज एकटाच संथ गातोय, तर बोस्नियातल्या साराएव्होची मैफल, १९९७.

घाईत_आहे
आणि 'हे रिबेल साँग नाही' असं म्हणतो ते?

खरजातला
ते 'अंडर अ ब्लड रेड स्काय' या लाइव्ह रेकॉर्डवरचं. इथे सगळे फसतात. व्हिडिओ अमेरिकेतल्या रेड रॉक्सच्या मैफलीचा, ५ जून १९८३चा, पण रेकॉर्डवरचं हे गाणं जर्मनीतल्या लोरेलायचं, त्याच वर्षीच्या ऑगस्टमधलं. रेकॉर्डचा आवाज रेड रॉक्सच्या चित्राला जोडलात तर ओठ जुळणार नाहीत. व्हिडिओ दाखवायचा असेल तर त्याचाच आवाज ठेवा. १९८७च्या डेन्व्हरचं हवं असेल तर ते 'रॅटल अँड हम'च्या चित्रपटात आहे, अल्बममध्ये शोधू नका. त्याच दिवशी उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनला आयआरएचा (ब्रिटिशांविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना) बॉम्बस्फोट झाला होता आणि बोनो मधेच थांबून त्यावर संतापून बोलतो. त्या भागाला वेगळी उपशीर्षकं करावी लागतील.

ढोलताशा
रिबेल साँगला सरळ 'क्रांतिगीत' लिहा. नाहीतरी गाणं ब्रिटिश सैन्याविरुद्धच आहे.

खरजातला
नाही हो, हेच चुकतं. एजच्या पहिल्या मसुद्यात आयआरएवर थेट टीका करणारी ओळ होती, ती नंतर काढली. गाणं कोणा एका बाजूचं नाही. ब्रिटिशांना थेट सुनावणारं गाणं हवं असेल तर लेननचं आहेच.

ढोलताशा
डेरीत २६ जणांना गोळ्या लागल्या, १३ त्याच दिवशी गेले, एक नंतर. मारणारे पॅराशूट रेजिमेंटचे. यात दुसरी बाजू कुठली?

खरजातला
घटनेबद्दल वादच नाही. ब्रिटनच्या सरकारी सॅव्हिल चौकशीने २०१०मध्ये तेच म्हटलं आणि तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरूननी संसदेत माफी मागितली. पण घटना वेगळी आणि गाणं वेगळं. आयर्लंडमध्ये 'रिबेल साँग' हा गाण्यांचा ठरलेला प्रकार आहे: उठाव, हुतात्मे, कोणाचातरी पराक्रम. बोनो तो प्रकार नाकारतोय. 'क्रांतिगीत' लिहिलंत तर तो क्रांतीच नाकारतोय असं वाटेल.

बिनसाखरेचा_चहा
'हा पोवाडा नव्हे' कसं वाटतं? पोवाड्याला नायक लागतो. इथे नायकच नाही, नुसत्या फुटक्या बाटल्या आणि प्रेतं.

खरजातला
हे बरं आहे. फक्त पहिल्यांदा येईल तेव्हा 'बंडाचा पोवाडा' लिहा, नाहीतर लोक डफ शोधतील. आणि 'ब्लडी'ला 'रक्ताळलेला'. शिवी नको.

रविवारची_मिसळ
जालियनवाला बाग झाली तोही रविवारच. १३ एप्रिल १९१९.

ढोलताशा
डब्लिनचा १९२०चा रक्तरंजित रविवारही आहे, २१ नोव्हेंबर. क्रोक पार्कवर सामना चालू असताना गोळीबार झाला. पडद्यावर तारीख टाकाल तर ३० जानेवारी १९७२ टाका, नाहीतर कोणीतरी तोच काढेल.

सहा_तारा
सुरुवातीला गिटारवर बी मायनर, डी, जी सिक्स्थ धरा. एकेक तार छेडायची, एकदम झणकवायचं नाही. रेकॉर्डिंगशी जुळत नसेल तर सहाही तारा अर्धा स्वर उतरवून बघा.

घाईत_आहे
गिटार कोणी विचारली? असो. १९८३चीच फाईल लावतो. 'डेड एंड स्ट्रीट'ला काय लिहू? 'मृत टोकाचा रस्ता' असं भाषांतर आलंय.

बिनसाखरेचा_चहा
अरे देवा. 'बंद बोळ'.

रविवारची_मिसळ
२०१९ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कार्यक्रमाची सुरुवात याच गाण्याने केली होती. ते रेकॉर्डिंग आहे का कोणाकडे?

टेपरेकॉर्डर
त्याचा वेगळा धागा काढा.